'६२ टक्के होमोलॉजी' असं लिहिणं बरोबर आहे का?

नवा_अंकुर:

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी एका एन्झाइमवरचे पेपर वाचतोय आणि एकाच शब्दापाशी अडून बसलोय, होमोलॉजी. एका पेपरमध्ये लिहिलंय की माणसाच्या या एन्झाइमची अमुक एका बुरशीतल्या एन्झाइमशी ६२ टक्के होमोलॉजी आहे. दुसऱ्या पेपरात तेच दोन सिक्वेन्स (म्हणजे साखळीतला अमिनो आम्लांचा क्रम), आकडाही ६२ च, पण तिथे शब्द आहे आयडेंटिटी. तिसरीकडे ७८ टक्के सिमिलॅरिटी. आणि पुस्तक उघडलं तर त्यात ठळक अक्षरात की होमोलॉजी टक्क्यांत सांगायचीच नसते. आता काय धरायचं?

दुसरं म्हणजे शाळेपासून आपण समजात (म्हणजे होमोलोगस) अवयव शिकतो, माणसाचा हात, वटवाघळाचा पंख, देवमाशाचं फ्लिपर वगैरे. मग मायोसिसमध्ये समजात गुणसूत्रं येतात, मग पुढे होमोलोगस रिकॉम्बिनेशन, होमोलोगस जीन, होमोलॉजी मॉडेलिंग. हे सगळं होमोलोगस एकच आहे की प्रत्येक ठिकाणी अर्थ बदलतो? परीक्षेपुरतं उत्तर नकोय, नीट समजून घ्यायचंय. जाणकारांनी वेळ काढून सांगावं ही विनंती.

प्रथिनवेडा:

पुस्तक बरोबर सांगतंय. होमोलॉजी म्हणजे दोन गोष्टी एकाच पूर्वजापासून आल्यात असा दावा. दोन जीन घ्या, त्यांच्या वंशावळीत मागे मागे जात राहा, कुठेतरी दोघांचा एकच पूर्वज जीन असेल तर ते होमोलोगस, नसेल तर नाहीत, मधलं काही नाही. एखादा माणूस तुमचा चुलतभाऊ असतो किंवा नसतो, तो ६२ टक्के चुलतभाऊ नसतो, चेहरा किती मिळतो हा वेगळा विषय झाला.

टक्के मोजता येतात ते साम्याचे. दोन सिक्वेन्स एकाखाली एक लावले, अलाइन केले, आणि किती जागांवर तेच अमिनो आम्ल आलं ते मोजलं की झाली आयडेंटिटी. सिमिलॅरिटीमध्ये गुणधर्माने जवळची अमिनो आम्लंही जुळली असं धरतात, म्हणजे ल्युसिनच्या समोर आयसोल्युसिन किंवा ॲस्पार्टेटच्या समोर ग्लुटामेट, म्हणून तो आकडा जास्त येतो. ब्लास्टच्या (डेटाबेसमधून जुळणारे सिक्वेन्स शोधणारा प्रोग्रॅम) निकालात आयडेंटिटीज आणि पॉझिटिव्ह्ज असे दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात ते हेच. तेव्हा तुमचे ६२ आणि ७८ दोन्ही खरे असणार, पहिल्या पेपरवाल्यांनी मोजली आयडेंटिटीच आणि नाव दिलं होमोलॉजी.

ही कुरबूर जुनी आहे. १९८७ मध्ये 'सेल' जर्नलमध्ये यावर एक पत्रच छापून आलं होतं, सह्या करणाऱ्यांत वॉल्टर फिच, रसेल डूलिटल असे या क्षेत्रातले मोठे लोक होते, आणि मागणी साधी होती की प्रथिनं आणि न्यूक्लिइक आम्लांच्या बाबतीत नुसत्या साम्याला साम्य म्हणा, होमोलॉजी हा शब्द समान पूर्वजासाठी राखून ठेवा. इतकी वर्षं झाली तरी टक्केवारी काही गेली नाही.

मला हे नुसतं शुद्धलेखनासारखं वाटत नाही, म्हणून जरा लांबण लावतो. साम्य हे निरीक्षण आहे आणि होमोलॉजी हा त्यावरून काढलेला निष्कर्ष आहे, दोन्हीला एकच शब्द वापरला की निष्कर्ष आपोआप सिद्ध झाल्यासारखा वाटतो आणि पुरावा कुणी विचारतच नाही. आणि दोन्ही एकमेकांना सोडूनही राहू शकतात. मायोग्लोबिन (स्नायूंमधलं ऑक्सिजन धरणारं प्रथिन) आणि हिमोग्लोबिनची अल्फा साखळी बघा, माणसातल्याच दोन्ही घेतल्या तरी आयडेंटिटी फक्त पंचवीस टक्क्यांच्या आसपास, पण केंड्रू आणि पेरुट्झ यांनी क्ष-किरणांनी त्यांच्या रचना काढल्या तेव्हा साखळीच्या घड्या जवळपास सारख्याच निघाल्या (दोघांना १९६२ चं रसायनशास्त्राचं नोबेल याच कामासाठी). पुढे शेंगावर्गीय झाडांच्या मुळांच्या गाठीतलं लेगहिमोग्लोबिन घेतलं तर मायोग्लोबिनशी आयडेंटिटी त्याहूनही कमी, तरी घडण तीच, हीम (ऑक्सिजन धरणारा लोहाचा गट) धरायची पद्धत तीच. म्हणजे साम्य अगदी थोडं आणि तरी पूर्ण होमोलोगस.

आता उलटं. कायमोट्रिप्सिन आणि सबटिलिसिन, दोन्ही प्रथिनं तोडणारी एन्झाइम, दोन्हीत ॲक्टिव्ह साइटला सेरीन, हिस्टिडिन आणि ॲस्पार्टेट हे त्रिकूट, रासायनिक क्रियासुद्धा तीच. कुणीही म्हणेल की भाऊच आहेत. पण कायमोट्रिप्सिनमध्ये साखळीतला क्रम हिस्टिडिन ५७, ॲस्पार्टेट १०२, सेरीन १९५ असा आहे आणि सबटिलिसिनमध्ये ॲस्पार्टेट ३२, हिस्टिडिन ६४, सेरीन २२१ असा, आणि बाकी सगळ्या प्रथिनाची घडी पूर्ण वेगळी. दोन वेगळ्या घराण्यांनी तीच युक्ती स्वतंत्रपणे शोधली. काम एक, युक्ती एक, होमोलॉजी शून्य.

नवा_अंकुर:

धन्यवाद सर, हे ग्लोबिनचं उदाहरण फारच आवडलं. पण मग अडचण अशी की पंचवीस टक्क्यांवर होमोलोगस असू शकतं आणि डीएनएत तर चारच अक्षरं, म्हणजे कुठलेही दोन सिक्वेन्स उचलले तरी पंचवीस टक्के जागा योगायोगानेच जुळणार ना? मग ठरवायचं कसं? अमुक टक्क्यांच्या वर असेल तर होमोलोगस म्हणायचं असा काही आकडा असतो का?

प्रथिनवेडा:

एकच एक आकडा नसतो, आणि तुम्ही म्हणताय ते डीएनएच्या बाबतीत अगदी खरं आहे, म्हणूनच दूरचं नातं शोधायचं असेल तर प्रथिनाच्या सिक्वेन्सने शोधतात. प्रथिनात अमिनो आम्लांची वीस अक्षरं असल्यामुळे योगायोगाने जुळणाऱ्या जागा पाच-सहा टक्केच, पण गॅप घालायची मुभा दिली की अलाइनमेंट करणारा प्रोग्रॅम ओढूनताणून वीस टक्क्यांपर्यंतही नेऊ शकतो. त्यामुळे साधारण २० ते ३५ टक्के या पट्ट्याला ट्वायलाइट झोन म्हणतात, तिथे नुसत्या टक्क्यांवर काही बोलायचं नाही.

खरं बघायचं ते ई-व्हॅल्यू. या मापाच्या डेटाबेसमध्ये इतका चांगला स्कोअर निव्वळ योगायोगाने किती वेळा येईल अशी अपेक्षा आहे, ते ती सांगते. १० असेल तर सोडून द्या, दहाचा उणे चाळिसावा घात असेल तर योगायोग म्हणणं अवघड. पण ई-व्हॅल्यू डेटाबेसच्या आकाराप्रमाणे बदलते हे विसरू नका, तोच जोड लहान डेटाबेसमध्ये जास्त झकास दिसतो. आणि सिक्वेन्समध्ये एकच अमिनो आम्ल लागोपाठ येणारे पट्टे असतील, नुसतं ग्लुटामिन ग्लुटामिन ग्लुटामिन, तर तिथे चांगला स्कोअर येऊनही नात्याचा पुरावा मिळत नाही, म्हणून ते भाग झाकून मग शोध घेतात. एवढं करूनही धूसर राहिलं तर एकाशी एक ताडण्याऐवजी अख्ख्या कुटुंबाचा प्रोफाइल (कुठल्या जागी कोणतं अमिनो आम्ल किती वेळा येतं त्याचा तक्ता) करून ताडायचा, सायब्लास्ट किंवा एचएमएमवाल्या पद्धती, किंवा रचना उपलब्ध असेल तर रचना बघायची, कारण सिक्वेन्स बदलत गेला तरी घडी खूप जास्त काळ टिकून राहते. होमोलॉजी मॉडेलिंग चालतं ते याच भरवशावर, नात्यातल्या प्रथिनाची माहीत असलेली रचना साचा म्हणून घ्यायची आणि आपल्या प्रथिनाची घडी तशीच असेल असं धरून पुढे जायचं.

अजून एक, अलाइनमेंट किती लांबीवर झालीय ते आधी बघा. पुष्कळ प्रथिनं डोमेन (स्वतंत्रपणे घडी पडणारे भाग) जोडून जोडून बनलेली असतात. दोन प्रथिनांमध्ये शंभर अमिनो आम्लांचा एक एसएच२ डोमेन सामाईक असेल आणि बाकीचा भाग कुठून कुठून आलेला असेल, तर होमोलोगस आहे तो फक्त डोमेन, अख्खी प्रथिनं नाहीत. आणि इथे मात्र, कुणी 'या प्रथिनाचा ४० टक्के भाग त्या प्रथिनाशी होमोलोगस आहे' असं लिहिलं तर ते चुकीचं नाही, कारण तो आकडा लांबीचा आहे, साम्याचा नाही. वाक्य मात्र तसं स्पष्ट लिहायला पाहिजे.

शिंपले_वेचणारी:

वरचे दोन्ही प्रतिसाद सुंदर. मी प्राणीशास्त्र शिकवते तेव्हा अवयवांच्या बाजूने थोडं लिहिते, कारण हा शब्द तिकडूनच आलाय आणि रेणूवाल्यांना तो नंतर मिळाला.

होमोलॉग आणि ॲनालॉग यांतला भेद नीट मांडला रिचर्ड ओवेन यांनी, १८४३ मध्ये. वेगवेगळ्या प्राण्यांमधला तोच अवयव, रूप आणि काम कितीही बदललेलं असो, तो होमोलॉग, आणि नुसतं काम सारखं असेल तर ॲनालॉग. गंमत बघा, यात पूर्वज हा शब्दच नाही. ओवेन यांच्या मनात एक मूळ आराखडा होता, आर्किटाइप, आणि सगळे पृष्ठवंशी त्या आराखड्याची रूपं. १८५९ मध्ये डार्विनने कारण दिलं की आराखडा सारखा दिसतो कारण पूर्वज एक आहे. पुढे १८७० मध्ये रे लँकेस्टर यांना वाटलं की जुना शब्द ओवेनच्या कल्पनेने गढूळ झालाय, म्हणून त्यांनी समान वंशासाठी होमोजेनी असा नवा शब्द सुचवला, तो कुणी उचलला नाही, पण त्याच लेखात त्यांनी स्वतंत्रपणे आलेल्या साम्यासाठी दिलेला होमोप्लासी हा शब्द मात्र आज सगळे वापरतात.

आता मुलं जिथे हमखास अडकतात तो मुद्दा. वटवाघळाचा पंख आणि पक्ष्याचा पंख होमोलोगस आहेत का? वर्गात अर्धे हो म्हणतात अर्धे नाही म्हणतात आणि दोघांचंही बरोबर असतं, कारण प्रश्नच अर्धवट आहे. पुढचा पाय म्हणून होमोलोगस आहेत, दंडाचं हाड, पुढच्या हातातली दोन हाडं, मनगट, बोटं हे सगळं दोघांच्या चार पायांच्या सामाईक पूर्वजाकडून आलंय. पंख म्हणून होमोलोगस नाहीत, तो पूर्वज उडत नव्हता, उडणं दोन्हीकडे वेगवेगळं आलं, एकीकडे पिसं आणि एकीकडे लांबलेल्या बोटांमध्ये ताणलेली कातडी. म्हणून मी मुलांना सांगते की होमोलोगस हा शब्द एकटा लिहायचा नाही, 'कशा अर्थाने होमोलोगस' हे लगेच पुढे आलं पाहिजे. पेपरमध्ये ते लिहिलेलं नसेल तर लेखकाला ते स्पष्ट आहे का याचीच मला शंका येते.

ही पायऱ्यांची गोष्ट रेणूंनाही लागू आहे बरं का. लंगूर आणि गाय दोघांच्याही पोटाच्या पुढच्या भागात जिवाणूंच्या मदतीने पाला आंबतो, आणि ते जिवाणू पुढे पचवायला दोघंही लायसोझाइम वापरतात. लायसोझाइम म्हणून दोन्ही प्रथिनं होमोलोगस आहेतच. पण पोटातल्या आम्लात टिकण्यासाठी त्यात जे काही अमिनो आम्लांचे बदल झाले, त्यातले काही दोन्हीकडे तेच आणि स्वतंत्रपणे झालेत, ॲलन विल्सन यांच्या गटाने १९८७ मध्ये ते दाखवलं. म्हणजे प्रथिन होमोलोगस आणि त्याच्याच आतले काही बदल होमोप्लासी.

आणि माझं सगळ्यात लाडकं उदाहरण लिहिल्याशिवाय राहवत नाही, कानातली हाडं. आपल्या मधल्या कानात हातोडा, ऐरण आणि रिकीब अशी तीन इवलीशी हाडं. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या कानात एकच. मग दोन आली कुठून? तर त्यांच्या जबड्याच्या सांध्यात जी दोन हाडं असतात, आर्टिक्युलर आणि क्वाड्रेट, तीच आपल्याकडे कानात गेलीत, आर्टिक्युलरचा हातोडा आणि क्वाड्रेटची ऐरण. कार्ल राइशर्ट यांनी भ्रूणांचा अभ्यास करून हे १८३७ मध्येच ओळखलं होतं, डार्विनच्या पुस्तकाच्या बावीस वर्षं आधी, दिसण्यात काही साम्य नाही, कामात तर अजिबातच नाही, एक चावायचं आणि एक ऐकायचं, तरी भ्रूणात ती कुठे तयार होतात आणि शेजारी कोण आहे यावरून. नंतर मॉर्गॅन्युकोडॉनसारखे वीस कोटी वर्षांच्या आसपासचे जीवाश्म मिळाले ज्यांच्या जबड्यात जुना आणि नवा दोन्ही सांधे एकाच वेळी आहेत. जागा, भ्रूणातली वाढ आणि मधली रूपं, अवयवांची होमोलॉजी ठरते ती या तिन्हींवरून, आणि तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर मग शंका घ्यायला फारशी जागा उरत नाही.

नवा_अंकुर:

मॅडम, कानाचं हे कधी कुणी इतकं उलगडून सांगितलं नव्हतं, खूप आभार. 'कशा अर्थाने' हे वहीत लिहून ठेवलंय. आता ऑर्थोलॉग आणि पॅरालॉगचंही कुणी सांगेल का, मला इतकंच माहितीये की वेगळ्या स्पीशीजमध्ये असेल तर ऑर्थोलॉग आणि त्याच स्पीशीजमध्ये असेल तर पॅरालॉग.

जनुकवाट:

ही व्याख्या नोट्समध्ये सगळीकडे फिरते आणि ती चुकीची आहे, आत्ताच सोडून द्या म्हणजे पुढे त्रास होणार नाही.

हे दोन्ही शब्द फिच यांनी १९७० मध्ये आणले. प्रश्न एवढाच विचारायचा की या दोन जीनच्या वाटा शेवटच्या ज्या ठिकाणी फुटल्या तिथे काय घडलं होतं? स्पीशीज दोन झाल्या म्हणून फुटल्या तर ऑर्थोलॉग, जीनची डुप्लिकेट कॉपी झाली म्हणून फुटल्या तर पॅरालॉग. आज ते जीन कुणाच्या अंगात बसलेत याचा व्याख्येशी संबंध नाही.

ग्लोबिनवरच बोलू, वर उदाहरण आलंच आहे. अल्फा आणि बीटा ग्लोबिन हे एका जुन्या डुप्लिकेशनमधून वेगळे झाले, माणूस आणि उंदीर वेगळे व्हायच्या कितीतरी आधी, मासे होते त्या काळात. म्हणून माणसाचं अल्फा आणि उंदराचं अल्फा ऑर्थोलॉग, पण माणसाचं अल्फा आणि उंदराचं बीटा हे पॅरालॉग, स्पीशीज वेगळ्या असूनसुद्धा. आणि उलट बाजूने झेब्राफिश घ्या. हाडांच्या माशांच्या त्या मोठ्या शाखेत पूर्वी कधीतरी अख्खा जीनोमच दुप्पट झाला होता, नंतर पुष्कळ कॉप्या गळून गेल्या (शरीराचा आराखडा ठरवणाऱ्या हॉक्स जीनचे आपल्याकडे चार समूह, झेब्राफिशकडे सात), तरी बऱ्याच ठिकाणी माणसाच्या एका जीनसमोर झेब्राफिशचे दोन येतात. ते दोघंही माणसाच्या जीनचे ऑर्थोलॉगच आहेत, को-ऑर्थोलॉग म्हणतात. तेव्हा ऑर्थोलॉग एकास एक असतो हेही डोक्यातून काढा.

याने प्रत्यक्षात बिघडतं काय, तर स्पीशीजचा वंशवृक्ष काढायचा असेल आणि त्यात नकळत पॅरालॉग मिसळले गेले तर तुम्ही काढलेला वृक्ष जीन कधी दुप्पट झाला त्याचा निघतो, स्पीशीज कधी वेगळ्या झाल्या त्याचा नाही. आणि हे ओळखू येणं कठीण असतं, एका स्पीशीजमध्ये एक कॉपी नष्ट झाली आणि दुसरीत दुसरी, तर दोन्हीकडे एकेकच जीन दिसतो, ब्लास्टला दोघं एकमेकांचे बेस्ट हिट येतात, सगळं छान छान, आणि तरी ते पॅरालॉग असतात. म्हणून महत्त्वाचं काम असेल तर नुसत्या बेस्ट हिटवर ऑर्थोलॉग लिहू नका, जीनचा ट्री काढा आणि आजूबाजूचे शेजारी जीन तेच आहेत का ते पण बघा. जिवाणूंमध्ये तर तिसराच प्रकार फार, जीन वंशातून न येता शेजारच्याकडून आलेला, त्याला झेनोलॉग म्हणतात, अँटिबायोटिक रेझिस्टन्सचे कितीतरी जीन असे फिरतात.

एक शेवटचं. ऑर्थोलॉग म्हणजे 'तेच काम करणारा' असं व्याख्येत कुठेही नाही. बऱ्याचदा काम तेच असतं, आणि त्या भरवशावर आपण जीनोमचं ॲनोटेशन (कुठला जीन काय करतो याची नोंद) करतो, पण ती अपेक्षा आहे. बदकाच्या डोळ्याच्या भिंगात एप्सिलॉन क्रिस्टलिन नावाचं प्रथिन भरपूर असतं, ते म्हणजे लॅक्टेट डिहायड्रोजनेज हे साधं मेटाबॉलिझमचं एन्झाइमच आहे, त्याच जीनमधून तयार होतं आणि भिंगात पारदर्शक भरणा म्हणून काम करतं. ब्लास्टने एन्झाइम सांगितलं म्हणून भिंगातलं त्याचं काम कळलं असतं का? त्यासाठी प्रयोगच करावा लागतो.

पेट्रीडिश:

सगळं वाचलं, माहिती छान आहे, पण मी जरा वेगळं बोलते. मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये काम करते, आमच्याकडे १६एस सिक्वेन्सिंगचा (जिवाणू ओळखण्यासाठी राइबोसोमच्या आरएनएचा जीन वाचतात तो) रिपोर्ट येतो त्यावरच लिहिलेलं असतं, अमुक बॅसिलसशी ९९ टक्के होमोलॉजी. सगळे तसंच म्हणतात, सगळ्यांना कळतं काय म्हणायचंय ते. इतकी वर्षं इतक्या लोकांनी वापरलेला अर्थ चूक कसा म्हणायचा? शब्दाचा अर्थ वापरातूनच ठरतो ना? आणि तुम्हीच सांगा, समजात गुणसूत्रं आणि होमोलोगस रिकॉम्बिनेशन यात तरी कुठे कुणी पूर्वज शोधत बसतं?

जनुकवाट:

तुमचा दुसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि मूळ प्रश्नातही तो होता, म्हणून तो आधी घेतो. समजात गुणसूत्रं म्हणजे मायोसिसमध्ये जोडी लावणारी, एक आईकडून एक वडिलांकडून, त्याच जागांवर तेच जीन पण अलील (त्या जीनची रूपं) वेगळे असू शकतात. माणसात अशा २२ जोड्या, शिवाय एक्स आणि वाय. पेशीशास्त्रात हा शब्द जोडी लावण्यावरून रूढ झाला, वंशावळीवरून नाही. अर्थात वंश तिथेही आहेच, दोन्ही गुणसूत्रं मागे गेलात तर एकाच गुणसूत्राच्या प्रती निघतात, आणि एक्स-वाय आज इतके वेगळे दिसत असले तरी तेही कधीकाळी एक साधी जोडीच होते, टोकाला राहिलेल्या सारख्या भागात ते अजूनही जुळतात आणि तिथे क्रॉसिंग ओव्हर होतं.

रिकॉम्बिनेशनमध्ये मात्र अर्थ खरोखरच वेगळा आहे. जिवाणूतलं रेकए किंवा आपल्यातलं रॅड५१ हे प्रथिन तुटलेल्या डीएनएचा धागा घेऊन जुळणारा सिक्वेन्स शोधतं, त्याला फक्त अक्षरं जुळतात की नाही एवढंच कळतं. म्हणून क्रिस्परने (डीएनए हव्या जागी कापायच्या तंत्राने) एखादा जीन आत घालताना दोन्ही बाजूंना होमोलॉजी आर्म, म्हणजे त्या जागेशी जुळणारे डीएनएचे तुकडे, लावतो ते मशीनवर कृत्रिमरीत्या बनवलेले असले तरी चालतात. तिथे होमोलॉजी म्हणजे निव्वळ सिक्वेन्सचं साम्य, आणि तो वापर इतका पक्का झालाय की तो बदला असं मी कुणाला सांगणार नाही. त्या संदर्भात गोंधळही होत नाही, कारण आर्मचा पूर्वज कोण असा प्रश्न कुणाच्या डोक्यात येत नाही.

पण १६एसच्या बाबतीत मी ठाम आहे. राइबोसोमच्या त्या आरएनएचा जीन प्रत्येक जिवाणूत आहे आणि सगळ्यांचा मूळ एकच, त्यामुळे तुमच्या नमुन्याचा १६एस कुठल्याही जिवाणूच्या १६एसशी होमोलोगस आहेच, बॅसिलसशी आहे तसा ई. कोलायशीही आहे. रिपोर्टवर ९९ टक्के लिहिलंय ती आयडेंटिटी, आणि आयडेंटिटी असंच लिहिलं तर वाचणाऱ्याला लगेच पुढचे प्रश्न सुचतात, किती बेसवर, अख्ख्या साधारण १५०० बेसच्या जीनवर की ५०० च्या तुकड्यावर. होमोलॉजी लिहिलं की ओळख पटली, विषय संपला असं वाटतं.

सूक्ष्मजीवी:

पेट्रीडिश ताई, हा वापर तुमच्याकडे कुठून आला त्याला एक खरंखुरं कारण आहे आणि ते सांगितलं तर तुमच्या सिनियर लोकांवर उगाच चूक लागणार नाही. सिक्वेन्सिंग स्वस्त व्हायच्या आधी दोन जिवाणू एकाच स्पीशीजचे आहेत का हे ठरवायला डीएनए-डीएनए हायब्रिडायझेशन करायचे. दोघांचा डीएनए गरम करून धागे सुटे करायचे, एकत्र ठेवून हळूहळू थंड करायचं, आणि एकाचे धागे दुसऱ्याच्या धाग्यांशी किती प्रमाणात जोडी लावतात ते टक्क्यांत मोजायचं. त्या टक्क्यालाच त्या काळच्या पेपरांमध्ये सर्रास डीएनए होमोलॉजी म्हणत. १९८७ मध्ये जिवाणूंच्या वर्गीकरणाच्या तज्ज्ञ समितीने स्पीशीजसाठी ७० टक्क्यांची रेघ आखली ती याच मापावर (सेलमधलं ते पत्र पण १९८७ चंच). म्हणजे आपल्या क्षेत्रात होमोलॉजीचे टक्के हे एका प्रयोगाचं माप म्हणून रुजले, नंतर प्रयोग गेला आणि शब्द तसाच सिक्वेन्सवर येऊन बसला.

आणि इथेच घोळ होतो. हायब्रिडायझेशनचे ७० टक्के म्हणजे सिक्वेन्सची ७० टक्के आयडेंटिटी नव्हे, जीनोम शेजारी ठेवून सरासरी न्यूक्लिओटाइड आयडेंटिटी काढली तर ती रेघ साधारण ९५ ते ९६ टक्क्यांवर येते. १६एसवर तीच सीमा ९८.७ च्या आसपास धरतात, पूर्वी ९७ धरायचे. तीन वेगळी मापं, तीन वेगळ्या सीमा, आणि तिन्हींना 'होमोलॉजी' म्हटलं तर जुना पेपर वाचून कुणी ७० टक्क्यांची रेघ १६एसला लावून बसू शकतं.

शिवाय ९८.७ च्या खाली असेल तर वेगळी स्पीशीज असं बऱ्यापैकी म्हणता येतं, पण वर असेल तर तीच स्पीशीज असं म्हणता येत नाही. बॅसिलस सिरियस आणि बॅसिलस अँथ्रॅसिस यांचे १६एस जवळपास सारखेच आहेत, एक अन्नातून विषबाधा करणारा आणि दुसरा अँथ्रॅक्सचा. ई. कोलाय आणि शिगेलाचंही तेच. तुमच्या रिपोर्टवर या गटातलं नाव ९९ टक्क्यांनी आलं असेल तर तिथे थांबू नका, जायरबी किंवा आरपीओबी या दुसऱ्या जीनचं सिक्वेन्सिंग करून घ्या, आणि परवडत असेल तर अख्खा जीनोम.